नुसती एक टीप

ज्या घरात शिलाई मशीन असतं, त्या घराचा पत्ता सोसायटीत कुणाला विचारावा लागत नाही. डॉक्टरकडे माणूस आजारी पडल्यावर जातो, वकिलाकडे भांडण झाल्यावर. मशीनवाल्याकडे मात्र तो धडधाकट, हसतमुख आणि हातात पिशवी घेऊन येतो. पिशवीत उसवलेला अभ्रा असतो, चेन तुटलेली पँट असते, नाहीतर फॉल सुटलेली साडी. चहा घेऊन झाला की तो पिशवी पुढे सरकवतो आणि म्हणतो, "काही नाही हो, नुसती एक टीप मारायचीय." टीप मारायला डास मारण्याइतकाच वेळ लागतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे.

ही एक टीप कशी मारली जाते ते सांगतो. आधी मशीनवरची इस्त्रीच्या कपड्यांची चळत, विजेचं बिल, नातवाची रंगपेटी आणि कुणीतरी वास्तुशांतीला दिलेली फुलदाणी उचलून खाली ठेवायची, कारण बंद मशीन हे घरातलं सगळ्यात लोकप्रिय टेबल असतं. मग दोरा. आलेला कपडा राखाडी असतो आणि मशीनला लाल दोरा ओवलेला असतो, हा निसर्गनियम आहे. नुसतं रीळ बदलून भागत नाही. खालच्या बॉबिनमध्येही तोच रंग हवा, म्हणजे ती भरणं आलं. कपडा जीन्सचा निघाला तर 14 नंबरची सुई काढून 16 किंवा 18 नंबरची लावायची. मग जुनी टीप उसवायची, दोऱ्याचे तुकडे वेचायचे, विरलेल्या जागी आतून ठिगळ द्यायचं, धावदोरा घालायचा, आणि त्यानंतर ती सुप्रसिद्ध एक टीप. ती अर्ध्यावर आली की बॉबिन संपते. बॉबिन संपल्याचं मशीन सांगत नाही. सुई वर-खाली होत असते, पाय हलत असतात, आवाज अगदी तब्येतीत येत असतो, आणि हातभर कापडाला नुसती भोकं पडत जातात. अशा सुरेल आवाजात चाललेली पुष्कळ कामं मी नोकरीत पाहिली आहेत, पण ते असो.

शेवटी कपडा घडी घालून हातात दिला की पाहुणे विचारतात, "किती झाले?" हे विचारताना त्यांचा हात खिशाकडे जात नाही. तो दाराच्या कडीकडे जातो.

मी पुरुष आहे हे आता सांगून टाकलेलं बरं, कारण इथपर्यंत ते कुणाच्या मनात आलं नसणार. एका आर्किटेक्टच्या कार्यालयात आरेखक म्हणून माझी नोकरी गेली, म्हणजे पूर्ण झाली. निवृत्त झाल्यावर माणसानं सकाळी टेकडीवर जावं, हास्यक्लबात हसावं, वृत्तपत्रांना पत्रं लिहावीत, अशी पुण्यात पद्धत आहे. मी आईचं जुनं पायमशीन माळ्यावरून काढलं, चाकाला नवा चामडी पट्टा बसवला, प्रत्येक भोकात तेल घातलं आणि पेठेतल्या एका शिवण क्लासला नाव नोंदवलं. ही बातमी पसरली तेव्हा शेजारचे एक गृहस्थ गंभीर चेहऱ्यानं चौकशीला आले. "वहिनी बऱ्या आहेत ना?"

गंमत पाहा. लक्ष्मी रोडच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतून हिंडलात तर ब्लाऊज शिवणारे निम्मे मास्टर मिशावाले दिसतील. बाप्या माणसानं दुकानात बसून कटोरी ब्लाऊज शिवलं तर तो कारागीर. त्यानंच घरात बसून अभ्रा शिवला, तर घरात काहीतरी बिनसलेलं. नामदेव महाराज शिंप्याच्या घरातले. त्यांना कुणी असली चौकशी केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

क्लासमध्ये सगळ्या मुली आणि बायका, आणि एक मी. बाईंनी पहिल्याच दिवशी मला 'काका' करून टाकलं आणि प्रश्न मिटवला. शिवणाच्या शिक्षणाची सुरुवात आपल्याकडे झबल्यापासून होते. मग टोपडं, कुंची, लाळेरं, पुढे फ्रॉक, सहा कळ्यांचा परकर, आणि पुष्कळ पुण्य साठल्यावर ब्लाऊज. वर्गातल्या निम्म्या मुलींची लग्नं व्हायची होती आणि माझा नातू शाळेत जायला लागला होता, तरी आम्ही सगळ्यांनी निमूटपणे झबली शिवली. यामागे शास्त्र आहे. कापड थोडं लागतं, टिपा बहुतेक सरळ असतात, आणि गिऱ्हाईक तक्रार करत नाही. फार तर रडतं. पण ते तसंही रडतच असतं.

ब्राऊन पेपरवर पाव मापात कटिंग काढून ते फाईलमध्ये चिकटवायचं, हा भाग माझा हातखंडा निघाला. 36 छाती, तिचा चौथा भाग 9, त्यात शिलाईचं कापड मिळवायचं, मुंढ्याचा गोल काढायचा, गळ्याचा काढायचा. घरांचे नकाशे काढणाऱ्याला हे अवघड नाही. माझी फाईल बाईंनी पुढच्या बॅचला दाखवायला ठेवून घेतली, आणि मी महिनाभर थोडा ताठ चालत होतो. पण कागद आणि कापड यांत एक फरक आहे, तो फाईलमध्ये दिसत नाही. कागद कुठूनही ओढा, तेवढाच राहतो. कापड उभ्या धाग्यात जवळपास ताणलं जात नाही, आडव्यात किंचित, आणि तिरकं धरलं की वाटेल तसं लांबतं. गळ्याची पट्टी तिरकी कापतात ती याच गुणासाठी. ती वळणावर मुकाट्यानं वळते. आणि कळ्यांचा परकर शिवून झाल्यावर रात्रभर टांगून ठेवून मग खालची पट्टी दुमडतात, तीही याच अवगुणासाठी. कळीची तिरकी कड आपल्याच वजनानं खाली उतरते. हे न कळलेल्या बायकांचे परकर एका अंगाला जिना उतरल्यागत दिसतात. इमारतीत भिंत अर्धा इंच चुकली तर प्लास्टर सांभाळून घेतं. ब्लाऊजला प्लास्टर करता येत नाही.

बाह्यांचं प्रकरण तर निराळंच. बाहीचा पुढचा गोल पाठीमागच्यापेक्षा जास्त खोल कापायचा असतो, म्हणून डावी-उजवी वेगळी निघते, आणि कापड नीट दुमडलं नसेल तर दोन्ही एकाच हाताच्या होतात. दर बॅचमध्ये कुणा ना कुणाच्या दोन्ही बाह्या उजव्या निघतातच. बाई त्यावर रागावत नाहीत. "आता दोन डाव्या काप," म्हणतात, "दोन ब्लाऊज होतील." कापडाचा पन्हा छत्तीसचा आहे की चव्वेचाळीसचा हे विचारल्याशिवाय त्या कुणाला कात्री हातात घेऊ देत नाहीत, पण हत्तींची छपाई असलेल्या कापडाचा फ्रॉक बेतताना पाठीवरचे सगळे हत्ती शीर्षासन करणार आहेत, हे त्या मुद्दाम आधी सांगत नाहीत. म्हणतात, एकदा दिसले की जन्मभर लक्षात राहतात.

यंत्रांबद्दल गांधीजींचं काय मत होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिलाई मशीनला मात्र त्यांनी सूट दिली होती. 1924 साली, तुमचा यंत्रांना सरसकट विरोध आहे का, असं विचारल्यावर त्यांनी सिंगरच्या मशीनचा दाखला दिला. बायकोला हातानं शिवताना पाहून सिंगरला कळवळा आला आणि केवळ तिच्यावरच्या प्रेमापोटी त्यानं हे यंत्र काढलं, अशी ती हकीकत. हकीकत गोड आहे. आयझॅक सिंगरचं 1851 चं पेटंटही खरं आहे. बायकोचा मामला तेवढा गुंतागुंतीचा. या गृहस्थाचे न्यूयॉर्कमध्ये एकाच वेळी एकाहून जास्त संसार चालू होते आणि मुलं वीसच्या वर होती. त्यातली नेमकी कोणती बायको शिवत बसलेली त्याला दिसली, हे शोधणं कठीण आहे. पण एवढ्या मुलांचे कपडे घरी शिवायचे म्हटल्यावर कुणीही कळवळला असता. शिवाय सुईचं नेढं टोकाशी आणायची जी मूळ युक्ती, ती एलियस हाउच्या 1846 च्या पेटंटमधली. त्यापायी सिंगरला त्याला पैसे मोजावे लागले.

मला स्वतःला यापेक्षा तिमोनिए जवळचा वाटतो. बार्थेलमी तिमोनिए हा फ्रेंच शिंपी. 1830 साली त्यानं शिलाई यंत्राचं पेटंट घेतलं आणि पॅरिसमध्ये सैनिकांचे गणवेश शिवायला कारखाना काढला. आपलं पोट जाणार या धास्तीनं तिथल्या शिंप्यांनी चाल करून येऊन यंत्रं फोडली. इतिहासात या शिंप्यांना अडाणी म्हणतात. पण कापडाच्या खालच्या अंगाला दोऱ्याचं जाळं झालेलं असताना, ते सोडवताना, मला त्या जमावाबद्दल फार आपुलकी दाटून येते. एखादा दगड माझ्याही हातात असावा, असं वाटतं. यात मौज अशी की जाळं खाली होतं, म्हणून माणूस बॉबिन उघडतो, तिची केस पुसतो, खालचा स्क्रू पिळतो. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो; तो ताणाच्या चकत्यांमधून नीट ओवलेलाच नसतो. गोंधळ वरच्याचा आणि झडती खालच्याची. मी पुन्हा नोकरीविषयी बोलणार नाही.

यंत्र एकवेळ समजतं. माणसांची मापं समजत नाहीत.

टेप हे अत्यंत उर्मट उपकरण आहे. त्याच्या एका अंगाला 60 इंच आणि दुसऱ्या अंगाला 150 सेंटिमीटर असतात. दशमान पद्धत देशात येऊन इतकी वर्षं झाली, तरी शिवणात सेंटिमीटरची बाजू कुणी वापरत नाही, आणि त्याला परंपरा वगैरे कारण नाही. 36 हा आकडा ऐकायला बरा वाटतो. 91 वाटत नाही. टेप कमरेभोवती आला की प्रत्येक माणूस श्वास आत ओढतो आणि छातीभोवती आला की फुगवतो. म्हणजे आपण शिवतो तो कपडा त्या माणसाला नव्हे, त्या श्वासाला बसतो. पुरुष याबाबतीत जास्त मुरलेले. तरुणपणी ज्याची कंबर 34 असते, त्याची ती साठीतही 34 च राहते. पोट वाढेल तशी तो पँट खाली बांधत जातो. कंबर ही शरीरावरची जागा नसून पुरुषाचं एक तत्त्व आहे, हे मला टेपनं शिकवलं.

बायकांची मापं घेण्याचा प्रश्न माझ्यापुरता वेगळा. नात्यातल्या असल्या तरी त्यांच्या अंगाला टेप लावणं मला जमणारं नाही आणि त्यांनाही नको असतं. त्यामुळे माझ्याकडे येतं ते मापाचं ब्लाऊज. मापाचं ब्लाऊज म्हणजे त्या बाईला आयुष्यात एकदाच नीट बसलेलं ब्लाऊज. ते शिवणारा टेलर दुकान बंद करून कायमचा गावी गेलेला असतो. ते तिच्या धाकट्या दिराच्या लग्नात शिवलेलं असतं, आणि आता त्या दिराची मुलगी कॉलेजात आहे. "भाऊजी, अगदी असंच शिवा हं. फक्त गळा थोडा खोल, बाही थोडी लांब, छातीत थोडं सैल आणि कमरेत थोडं घट्ट." म्हणजे मग असंच काय राहिलं, हे विचारायचं नसतं. 'थोडं' म्हणजे किती, हेही नाही. मी अनुभवानं 'थोडं' म्हणजे पाव इंच धरतो आणि 'अगदी थोडं' म्हणजे काही करायचं नाही, असं धरतो. दुसऱ्या प्रकारात समाधानी गिऱ्हाइकांचं प्रमाण जास्त आहे.

ब्लाऊजमधली खरी करामत आतल्या बाजूला असते, आणि ती ज्या कुणा अनाम मास्टरनं पहिल्यांदा केली त्याचा पुतळा एखाद्या चौकात उभारायला हरकत नाही. बगलेखाली दोन्हीकडे इंच-दीड इंच कापड आत सोडायचं आणि एकाऐवजी दोन-तीन समांतर टिपा मारून ठेवायच्या. काळ पुढे सरकला की सगळ्यात आतली टीप उसवायची. हिशोब सुंदर आहे. दोन टिपांत पाव इंचच अंतर असतं, पण दोन्ही बगलांत पुढचा भाग आणि पाठ असे दोन्ही धरले की घेरात चक्क एक इंच मोकळा होतो. तीन टिपा म्हणजे दोन इंचांची सोय. रेडिमेड कपड्यात हे नसतं. तिथं जेमतेम शिलाईपुरतं कापड सोडून ओव्हरलॉक केलेलं असतं. म्हणजे तुम्ही जाड होणार नाही, असा कंपनीचा तुमच्यावर विश्वास असतो. आपल्या मास्टरचा तसला विश्वास नसतो, म्हणून त्याची ब्लाऊजं वीस-वीस वर्षं टिकतात.

सणाच्या आदल्या दिवशी बायको ब्लाऊज पुढे करते आणि "एक टीप काढून द्या," एवढंच म्हणते, तेव्हा नवऱ्यानं चेहऱ्यावरची रेघ हलवायची नसते. "अस्तर आटलेलं दिसतंय," असं म्हणावं. हे शंभर टक्के खोटंही नाही. सुती अस्तर खरोखरच आटतं, म्हणून तर ते कापण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं असतं. आमच्या घरचं अस्तर मीच भिजवतो हे तिला माहीत आहे. तरी ती "हो ना," म्हणते.

या हौसेनं पैसे वाचतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्याबरोबर एकदा बोहरी आळीत यावं. हुक, इलॅस्टिक, लेस, कॅनव्हास, मोत्यासारखी बटणं. पिशवी भरेपर्यंत हात थांबत नाही. आणि मॅचिंगचं दुकान ही तर माझ्या मते पुण्यातली एक मोठी ज्ञानशाखा आहे. मी पाच-सहा रंगांवर आयुष्य काढलेला माणूस. तिथं हिरव्याचेच पोपटी, मोरपिशी, शेवाळी असे थप्पीनं प्रकार, आणि लाल म्हणून काही मागितलं तर दुकानदार दयेनं बघतो. डाळिंबी? कुंकवी? राणी? आमसुली? टू बाय टू रुबियाचा तुकडा साडीवर टाकून तो दुकानाबाहेर उजेडात नेतो, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात एकमेकांची ओळख दाखवत नाहीत. त्या फूटपाथवर उभं राहून, दोन्ही हातांत काठ धरून, मी आणि तो दुकानदार ज्या तन्मयतेनं साडीकडे बघत असतो ते पाहून जाणारे-येणारे थांबतात. बायको त्या वेळी तिथं नसल्यासारखी पुढच्या दुकानात भांडी बघत असते.

डोळे मात्र बिघडले. लग्नाला गेलो की पूर्वी मी पंगतीकडे बघायचो. आता अक्षता टाकताना पुढच्या रांगेतल्या पाठी दिसतात. कुणाच्या बाहीला मुंढ्यात चुणी पडलीय, कुणाच्या चेक्सच्या शर्टाचा खिसा चौकटीत बसलेला नाही, कुणाच्या पाठीच्या गळ्याची पट्टी उभी राहिलीय. एकदा असं निरखताना बायकोनं कोपर मारलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, तुम्ही शिवता हे इथं कुणाला माहीत नाहीये."

हल्ली मी स्वतःला एक शर्ट शिवला. शर्ट बाहेरून साधा दिसतो, पण कॉलर आणि तिच्याखालची पट्टी या दोन गोष्टींवर तो उभा असतो. कॅनव्हास चिकटवायचा, दोन्ही टोकं तंतोतंत सारखी वळवायची, टोकाचं कापड आतून छाटायचं, सुईनं हलकेच बाहेर काढायचं. तो घालून मी आमच्या चौकातल्या मास्टरकडे गेलो. कामाचं निमित्त काहीतरी काढलं होतं. खरं म्हणजे दाखवायला गेलो होतो. दिवाळी तोंडावर आलेली. दुकानात कापडांचे गठ्ठे छताला टेकलेले, आणि तीन बायका तारखेवरून भांडत होत्या. मास्टर सगळ्यांना "मंगळवारी या," सांगत होते. कुठला मंगळवार ते सांगत नव्हते.

माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. कॉलरकडे पाहिलं. मग जवळ येऊन शर्टाची खालची कड सरळ उलटी केली आणि आतल्या टिपा पाहिल्या, कारण धंद्यातला माणूस कपड्याची उजवी बाजू बघतच नाही. मग बटणाची पट्टी बोटानं चाचपली.

"काजं हातानं केलीत?"

"हो."

"मशीननं नाही?"

"हातानं."

ते जरा थांबले. दाराशी एक बाई सैलसर झालेल्या बाहीबद्दल बोलायला लागली होती, तिला त्यांनी हातानंच मंगळवार दाखवला. "काका, दिवाळीपर्यंत रोज दुपारी येता का? काज-बटणाचा पोरगा गावी गेलाय. नगाप्रमाणे पैसे देईन."

मी विचार करून सांगतो म्हणालो आणि घरी आलो. आल्या-आल्या हिला सांगितलं. एवढ्या मोठ्या मास्टरनं स्वतःहून बोलावलं, तर ती काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. तिनं गॅस बारीक केला.

"जा की," ती म्हणाली. "आणि गेलात की माझे दोन ब्लाऊज तिथं दसऱ्यापासून अडकलेत, तेवढे आधी करून घ्या."